लॉरीचा डावा डोळा

गेल्या वैशाखात माझ्या भाच्याने वाकड येथे घेतलेल्या नव्या घराची वास्तुशांत झाली. घर अकराव्या मजल्यावर आहे. होमाचा धूर कोठून बाहेर जाणार, आणि धुराची सूचना देणारे यंत्र मध्येच ओरडू लागल्यास काय करावयाचे, या चिंतेत घरातील तरुण मंडळी होती. परंतु गुरुजी अनुभवी होते. त्यांनी होमकुंड सज्ज्याच्या दाराशी मांडले आणि कार्य यथासांग पार पडले. पूर्णाहुतीनंतर भाच्याच्या आठ वर्षांच्या मुलीने विचारले, "गुरुजी, घर तर आम्ही विकत घेतलंय, मग शांत कशाची करायची?" गुरुजींनी तिला समजावून सांगितले की, घर बांधावयाचे म्हणजे जमीन खणावी लागते, झाडे तोडावी लागतात, मुंग्या, किडे, बेडूक असे कितीतरी जीव कळत-नकळत मरतात, त्या दोषाचे परिमार्जन व्हावे म्हणूनही ही शांत करावयाची. मुलीला ते पटले. मलाही ते कितीतरी वर्षांनी नव्याने ऐकल्यासारखे वाटले.

पाटपाणी करावयाची वेळ झाली, तरी जेवणासाठी सांगितलेली केळीची पाने आली नव्हती. डांगे चौकाच्या बाजूच्या एका फुलवाल्याकडून ती यावयाची होती. उशीर का होतो ते पाहावे म्हणून मी सज्ज्यात जाऊन उभा राहिलो. खाली रस्त्याला लागून दुसऱ्या एका इमारतीचे काम चालू आहे. तिच्या फाटकात शिरण्यासाठी काँक्रीटची एक मिक्सर लॉरी आली होती. रस्ता अरुंद आणि फाटक डाव्या हाताला. एवढे मोठे धूड एकदम डावीकडे वळत नाही, म्हणून चालकाने ते आधी थोडे उजवीकडे घेतले. त्यामुळे डाव्या कडेला रस्ता मोकळा झाल्यासारखा दिसला, आणि मागून सायकलवर येणारा आमचा पानवाला मुलगा त्या मोकळ्या जागेत शिरला. पुढल्याच क्षणी लॉरी डावीकडे वळू लागली. वरून सारे स्वच्छ दिसत होते आणि करता मात्र काहीच येत नव्हते. मी ओरडलो; पण अकराव्या मजल्यावरचे ओरडणे खाली कोणास ऐकू जाणार! मुलगा चपळ म्हणून निभावले. त्याने सायकल टाकून बाजूच्या खडीच्या ढिगावर उडी घेतली. सायकलचे मागचे चाक लॉरीच्या मागच्या चाकाखाली गेले, पानांचा भारा चिरडला, आणि लॉरी तशीच आत चालली होती. पहारेकऱ्याने फाटकाच्या पत्र्यावर काठी आपटली तेव्हा कोठे ती थांबली. मुलाचा गुडघा आणि कोपर खरचटले होते. वय वर्षे सतरा.

त्या दिवशी आम्ही स्टीलच्या ताटांतून जेवलो. मुंग्याकिड्यांच्या दोषाविषयी गुरुजी जे बोलले होते, ते काही केल्या माझ्या मनातून हलेना.

मी खाली पोचलो तोपर्यंत माणसे जमली होती आणि चालकावर हात टाकण्यापर्यंत मजल गेली होती. तो एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होता, "देवाशपथ सांगतो, मला दिसलाच नाही तो." जमलेल्यांपैकी कोणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. खरे सांगावयाचे तर माझाही बसला नव्हता. दिवसाढवळ्या हातभर अंतरावरचा मनुष्य दिसत नाही, हे कसे मानावयाचे? परंतु दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाच्याबरोबर फिरावयास निघालो असता तोच चालक फाटकाबाहेर आपली पाळी येण्याची वाट पाहत उभा असलेला दिसला. जत तालुक्यातला, चाळिशीचा, सभ्य मनुष्य. मी त्याला म्हटले, "तुम्हाला काय दिसतं ते मला एकदा बघू द्या." तो क्षणभर बिचकला, मग म्हणाला, "चढा काका, पण सांभाळून."

तीन पायऱ्या चढून मी त्याच्या जागेवर बसलो. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून चालकाची जागा उजवीकडे. त्या जागेवर बसले म्हणजे आपले डोके साधारण उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर जाते. समोर काच मोठी आहे, पण तिची खालची कड छातीशी येते. त्यामुळे लॉरीच्या नाकासमोरची काही हात जमीन दिसतच नाही. डावीकडचे दार माझ्यापासून चार-पाच हातांवर. त्याची खिडकी उंच, खाली नुसता पत्रा. भाच्याने आपल्या मुलीची सायकल हातात धरून त्या बाजूला पुढच्या चाकाजवळ उभे राहावे, असे ठरले होते. मी पाहिले, वाकून पाहिले, मान उंच करून पाहिले. भाचा सहा फुटांच्या आसपास उंच आहे. तो मला दिसला नाही. सायकल तर नाहीच नाही. डाव्या आरशात लॉरीची कड आणि मागचा रस्ता दिसत होता. खालची जागा दाखविणारा दुसरा एक फुगीर आरसा होता. पण त्यावर सिमेंटचे शिंतोडे वाळून त्याची पाटी झाली होती. "आता सांगा काका, सायकल कुठंय?" चालक खालून विचारत होता. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला अधिक शरमल्यासारखे झाले.

या आंधळ्या कोपऱ्याची दुसरी निम्मी गोष्ट चाकांची आहे. लांब वाहन वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतल्या बाजूने कापीत जातात. ऊस वाहणाऱ्या बैलगाडीवाल्याला हे शिकवावे लागत नाही. तो कोपऱ्यावरच्या दगडाला आधीच वळसा देतो. लॉरीचा पुढचा भाग आपल्यापुढून निघून गेला म्हणजे आपण सुटलो, असे सायकलस्वाराला वाटते. परंतु तो ज्या पट्ट्यात उभा असतो, नेमका तोच मागची चाके कापीत येतात. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये जी उघडी पोकळी असते, तिच्यात तो पडतो. हे ओझेही थोडेथोडके नसते. मिक्सरमध्ये सहा घनमीटर काँक्रीट असेल, तर नुसत्या त्या काँक्रीटचे वजन साडेचौदा टनांच्या आसपास होते. ते उंचावर असते आणि सतत फिरत असते, त्यामुळे वळणावर वेग थोडा जास्त झाला तरी लॉरीचा तोल जाऊ शकतो.

हा शेवटचा धोका वाकड-हिंजवडीच्या लोकांना मी सांगावयास नको. जानेवारी २०२५ मध्ये हिंजवडीजवळ असाच एक मिक्सर वळणावर उलटून दुचाकीवरील दोन विद्यार्थिनी त्याखाली सापडल्या आणि मरण पावल्या. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात हिंजवडीतच दुचाकीवर बसलेली एक अकरा वर्षांची मुलगी मिक्सरखाली सापडून गेली; आणि ती वेळ अशी होती की, त्या वेळी अवजड वाहनांना त्या भागात पोलिसांची बंदी होती. या मुली सायकलवर नव्हत्या, हे खरे. परंतु लॉरीच्या डाव्या कोपऱ्याला स्कूटर आणि सायकल यांत फरक कळत नाही, आणि सायकलस्वाराजवळ तर पुढे निसटावयास इंजिनही नसते.

वाकड १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले. त्यापूर्वी ते मुळेकाठचे एक गाव होते. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून निघून वाकडला येते, ही त्याची ओळख. बगाड अजून येते. मात्र ज्या वाटेने ते येते तिच्या दोन्ही बाजूंना आता वीस-वीस मजल्यांच्या इमारती आहेत, आणि मध्ये भुमकर चौकात महामार्गाच्या पोटाखालून सारा हिंजवडीचा कामगारवर्ग सकाळी एका बाजूस व संध्याकाळी दुसऱ्या बाजूस वाहत असतो. इमारत म्हटली की वाळू, खडी, सिमेंट, सळई, खणलेली माती. आणि हे सर्व चाकांवरून येते व चाकांवरून जाते. ज्याला लोक हायवा म्हणतात तो मातीचा टिपर आणि हे मिक्सर यांच्यावाचून वाकडचे एकही घर उभे राहिलेले नाही. माझ्या भाच्याचेही नाही.

मग या रस्त्यांवर सायकल चालवितो कोण? पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आमच्या पिढीतील कित्येकांचे वडील कॉलेजात सायकलने गेले, नोकरीवर सायकलने गेले, आणि मुलाला पुढच्या दांडीवर बसवून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत घेऊन गेले. त्या काळी सायकलस्वार चिरडला तर तो आपल्यातला असे. आज वाकडला पहाटे सायकलवर दिसतो तो पाळी संपवून घरी जाणारा पहारेकरी, पेपर टाकणारा मुलगा, माळी, आणि बांधकामावरचा गवंडी. रविवारी सकाळी गिअरच्या सायकली घेऊन निघणारी आपली मंडळीही आहेत. पण ती सहसा लॉऱ्या बाहेर पडण्यापूर्वी परत येतात. त्यामुळे या विषयाची चर्चा आपल्या बैठकीत फारशी होत नाही. ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानात चार ओळींत होते आणि तेथेच संपते.

अपघात झाला म्हणजे चालकाला धरा, त्याला जन्माची अद्दल घडवा, असा आपल्याकडे सार्वत्रिक सूर असतो. नव्या न्यायसंहितेत अपघात करून पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली गेली. तिच्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभी लॉरीचालकांनी संप केला, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा तेवढे पोटकलम बाजूस ठेवावे लागले. चालकांपैकी बेफिकीर आणि दारू पिणारे आहेतच. त्यांची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्याला दिसतच नाही त्याला दहा वर्षे कैदेत टाकले, तरी त्याच्या जागी येणाऱ्या चालकालाही दिसणार नाही. तुरुंगाची भीती पत्र्याला भोक पाडून खिडकी करू शकत नाही.

त्या चालकाशी बोलताना आणखी दोन गोष्टी कळल्या. पहिली घाईविषयी. तयार काँक्रीट हे दुधासारखे नासके असते. भारतीय मानकाप्रमाणे ते लॉरीत भरल्यापासून सामान्यतः दोन तासांच्या आत ओतले गेले पाहिजे. घट्ट होण्याची क्रिया लांबविणारी औषधे घातली तर थोडी अधिक सवलत. वाटेत गर्दी लागली, फाटकाबाहेर रांगेत थांबावे लागले, की घड्याळ चालूच. त्यात त्याची कमाई खेपेवर. "काका, थांबलो तर मालक विचारतो, पळालो तर पोलीस विचारतो," तो म्हणाला. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. मी विचारले, "तुमचा क्लीनर कुठे आहे?" तो हसला. "क्लीनर आता कुणाला परवडतो? कॅमेरा लावलाय. पण तो मागं बघतो."

पूर्वी ट्रकच्या डाव्या दाराशी क्लीनर बसलेला असे, हे वाचकांना आठवत असेल. अर्धवट वाढलेला पोरगा, गळ्यात रुमाल, वळण आले की खिडकीबाहेर अर्धा झुकून दारावर थाप मारणार आणि "येऊ द्या, येऊ द्या, थांबा!" म्हणून ओरडणार. आपण त्याला गाडी पुसणारा पोरगा समजत होतो. वस्तुतः तो लॉरीचा डावा डोळा होता. एस.टी. मागे घ्यावयाची असली म्हणजे कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवितो, त्यातही हीच बुद्धी आहे. एका माणसाचा पगार वाचविण्यासाठी मालकांनी तो डोळा काढून टाकला, आणि त्या जागी काही बसविले नाही. क्लीनरच्या त्या आयुष्यात गोडवा होता असे मी म्हणत नाही. कित्येक तर शाळेत असावयाच्या वयाचे असत. परंतु एखादे काम करणारा काढला, तर ते काम कोणी करावयाचे हे तरी ठरवावयास नको काय?

हा प्रश्न लंडनकरांपुढे आपल्या आधी आला, कारण तेथेही वाहने डाव्या बाजूनेच चालतात व चालक उजवीकडेच बसतो. सन २००० मध्ये सिंथिया बार्लो नावाच्या बाईंची तरुण मुलगी लंडनमध्ये सायकलवरून जात असता डावीकडे वळणाऱ्या काँक्रीट मिक्सरखाली सापडून मरण पावली. आई काय करील? रडेल, कोर्टात जाईल, वर्तमानपत्रात लिहील. या बाईंनी निराळेच केले. त्यांनी लॉरीच्या मालक कंपनीचे भाग विकत घेतले आणि भागधारक म्हणून कंपनीच्या वार्षिक सभेत उभ्या राहून संचालकांना विचारले की, तुमच्या लॉरीचा चालक माझ्या मुलीला पाहू शकत नव्हता. त्याविषयी आपण काय करणार? सभेत सभासदाच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. कंपनीने पुढे आपल्या लॉऱ्यांना जादा आरसे आणि बाजूला कोणी आल्यास सूचना देणारी यंत्रे बसविली. ती कंपनी नंतर एका मेक्सिकन सिमेंट कंपनीने घेतली. तिनेही बार्लोबाईंबरोबर हे काम पुढे चालविले. रस्त्यावर बळी पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या 'रोडपीस' या संस्थेच्या त्या अध्यक्षाही झाल्या. मला त्यांच्या धैर्याइतकेच त्यांच्या व्यवहारज्ञानाचेही कौतुक वाटते. उत्तर कोणाजवळ आहे, हे त्यांनी अचूक ओळखले.

पुढे तेथील सरकारी यंत्रणाही हलली. सन २०११ मध्ये लंडनमध्ये सोळा सायकलस्वार मेले. त्यांपैकी नऊ अवजड लॉऱ्यांखाली, आणि त्या नवांपैकी सात बांधकामाच्या लॉऱ्यांखाली. २०१३ पासून बांधकाम व्यवसायातीलच मंडळींनी मिळून एक नियमावली चालविली. तिचे सूत्र असे की, लॉरीची जबाबदारी लॉरीवाल्यापाशी संपत नाही, बांधकाम करवून घेणाऱ्या धन्याने ती करारात लिहून घ्यावयाची. सप्टेंबर २०१५ पासून, दोन चाकांमधील पोकळी झाकणारी कठडी आणि जवळचे दाखविणारे आरसे यांच्यावाचून लॉरीस शहरात मज्जाव झाला. नंतर असे दिसून आले की, नुसत्या आरशांनी भागत नाही. चालकाने किती आरशांत पाहावयाचे? प्रत्यक्ष काचेतून पाहणाऱ्यापेक्षा आरशातून किंवा पडद्यावर पाहणाऱ्याची प्रतिक्रिया सुमारे ०.७ सेकंदाने उशिरा होते, असे एका प्रयोगात आढळले. एवढ्या वेळात ताशी चोवीस किलोमीटर वेगाने चाललेली लॉरी साडेचार मीटरांहून अधिक पुढे जाते. म्हणजे दोन सायकली ओलांडून. म्हणून मग चालकाला काचेतून प्रत्यक्ष किती दिसते, यावर प्रत्येक लॉरीला शून्यापासून पाचपर्यंत तारे देण्यात आले. बारा टनांवरील लॉरीला मार्च २०२१ पासून निदान एक तारा, आणि ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून तीन; नसतील तर ठरवून दिलेली सर्व सुरक्षासाधने बसविलीच पाहिजेत, नाहीतर साडेपाचशे पौंड दंड. डाव्या दाराच्या खालच्या पत्र्याऐवजी काच असलेल्या, चालकाची जागा खाली आणलेल्या लॉऱ्या आता तेथे तयार होऊन येतात.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. बाजूच्या कठड्याचे भारतीय मानक १९९९ सालचे आहे आणि अवजड मालवाहनांसाठी मोटार वाहन नियमांत त्याची तरतूद आहे. कोणीही वाकडच्या रस्त्यावर अर्धा तास उभे राहून हे कठडे मोजावेत. काही लॉऱ्यांना ते सुस्थितीत असतात. काहींचे वाकलेले, तारेने बांधलेले. काहींचे नुसते बसविण्याचे ठसे. खडीच्या ढिगावरून जाताना तो खाली लागतो म्हणून काढून ठेवला, असे सांगण्यात येते. सायकलस्वार बाजूला आल्यास चालकाला सावध करणारी यंत्रणा नव्या अवजड वाहनांत असावी, यासाठी केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याने मार्च २०२५ मध्ये नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. चांगली गोष्ट आहे. परंतु हा विचार नव्याने तयार होणाऱ्या वाहनांचा आहे. आज वाकडला फिरणारे मिक्सर आणखी कितीतरी वर्षे फिरणार आहेत.

वेळेची बंदी हा सोपा उपाय वाटतो, आणि काही अंशी तो आहेच. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी आणि कामाची मंडळी रस्त्यावर असताना या लॉऱ्या उभ्या राहिल्याच पाहिजेत. बगाडाच्या दिवशी वाहतूक वळविता येते, तर शाळेच्या घंटेसाठी का येऊ नये? मात्र येथे आपलाही दोष आहे, तो लपवून चालणार नाही. दिवसा बंदी झाली की काँक्रीट रात्री येऊ लागते. रात्री आले की आपली झोप मोडते. मग आपणच रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील आवाजाचा नियम पुढे करून तक्रार करतो. तीही तक्रार खोटी नाही. लहान मुले आणि आजारी माणसे घरोघर आहेत. परिणाम असा होतो की, दोन्ही बाजूंनी कोंडी झालेला मिक्सर, बंदी सुटताच मिळेल तेवढ्या वेळात जास्तीत जास्त खेपा मारू पाहतो. म्हणून बंदीबरोबर खेपेचा हिशेब बदलला पाहिजे. चालकाला पगार महिन्याचा असावा, खेपेचा नसावा. आणि एका वेळी फाटकाशी एकच लॉरी येईल अशा बेताने काँक्रीट मागविले गेले पाहिजे. काम घेणाऱ्याने मनात आणले तर यात अशक्य काहीच नाही. फक्त त्याला कोणी तसे करावयास भाग पाडीत नाही.

ते भाग कोण पाडणार, या प्रश्नाशी मी पुन्हापुन्हा येतो. बार्लोबाईंनी भाग विकत घेऊन सभेत प्रवेश मिळविला. आपल्याला तेवढाही खटाटोप करावयास नको. आज पुण्यात कोथरूडपासून सदाशिव पेठेपर्यंत जुन्या सोसायट्यांचे पुनर्विकास चालू आहेत. या पत्राच्या वाचकांपैकी कित्येकजण अशा एखाद्या सोसायटीचे सभासद, चिटणीस किंवा निदान चिटणिसांचे कुटुंबीय असतील. विकासकाबरोबर करार करताना आपण पार्किंग किती, चटईक्षेत्र किती, भाडे किती, फरशी कोणत्या रंगाची, यावर सहा-सहा महिने काथ्याकूट करतो. मी स्वतः अशा सभांना बसलो आहे. एका सभेत स्वयंपाकघरातील ओट्याच्या उंचीवर दीड तास गेला. त्याच करारात आणखी चार ओळी घालता येतील. कामावर येणाऱ्या प्रत्येक लॉरीस दोन्ही बाजूंना कठडा आणि डावीकडे स्वच्छ आरसा असेल. नसेल ती फाटकातून परत जाईल. लॉरी वळताना आणि मागे घेताना शिट्टी घेतलेला एक मनुष्य रस्त्यावर उभा असेल. शाळेच्या वेळी लॉरी येणार नाही. आणि हे कोण तपासणार, त्याचे नाव फाटकावर लिहिलेले असेल. खर्च? एका माणसाचा पगार आणि काही लोखंडी पट्ट्या. इमारतीच्या किमतीत हा आकडा शोधावयास भिंग लागेल.

जे तयार घर विकत घेतात, त्यांच्या हाती करार इतका नसतो. पण प्रश्न असतो. नमुन्याचे घर दाखविताना विकासकाचा मनुष्य आपल्याला तरणतलाव दाखवितो, योगासनांची खोली दाखवितो. "तुमच्या कामावरच्या लॉरीला डावीकडचं दिसतं का?" असे त्याला एखाद्या गृहिणीने विचारून पाहावे. पहिल्यांदा तो गोंधळेल. दहा जणींनी विचारले तर अकरावीला उत्तर तयार मिळेल, आणि उत्तर तयार करावयाचे म्हणजे थोडे काम करावेच लागेल.

आपल्या मुलांना सायकल घेऊन देताना मात्र आजच सांगून ठेवावे की, उभ्या किंवा वळत्या लॉरीच्या डाव्या बाजूला कधीही शिरू नये, ती उजवीकडे झुकलेली दिसली तर विशेषच नाही. आणि चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपण त्याला दिसत नाही असे खुशाल समजावे. यापलीकडे मुलांवर भार टाकणे मला योग्य वाटत नाही. रस्त्याचे सारे शहाणपण सतरा वर्षांच्या पानवाल्याने शिकावे आणि अठ्ठावीस टनांच्या लॉरीने काहीच शिकू नये, हा न्याय नव्हे.

भाच्याने त्यानंतर शेजारच्या कामावर जाऊन विचारणा केली. तेथील व्यवस्थापकाने सांगितले, लॉरी आमची नाही, काँक्रीट पुरविणाऱ्यांची. काँक्रीटवाल्यांनी फोनवर सांगितले, लॉऱ्या आम्ही भाड्याने घेतो, त्या वाहतूकदाराच्या. वाहतूकदार म्हणाला, चालक नवीन आहे, त्याला समज दिली आहे. चालक तर नऊ वर्षे मिक्सर चालवीत होता, हे आम्हाला त्यानेच सांगितले होते. भाच्याची बायको हे सारे ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे घर आपलं, आणि लॉरी कुणाचीच नाही." त्यांच्या इमारतीची सोसायटी अजून नोंदवावयाची आहे. पहिल्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालावा म्हणून तिने पत्र दिले आहे. दुसऱ्या टप्प्याची इमारत त्याच आवारात उठावयाची असल्यामुळे मिक्सर तर पुढची तीन वर्षे येतच राहणार आहेत.

मुलाच्या सायकलला मागचे चाक नवे बसवून झाले. पैसे भाच्याने दिले. फुलवाला घेत नव्हता. अक्षय्य तृतीयेला तो मुलगा आंब्याचे टाळे आणि फुले घेऊन पुन्हा आला होता. फाटकाजवळ मिक्सर उभा होता. मुलगा सायकलवरून उतरला, त्याने चालकाच्या खिडकीपर्यंत चालत जाऊन हात वर केला, आणि वरून हात हलल्यावर सायकल ढकलत उजव्या बाजूने पुढे आला.